मावशींच्या मुलीची फी कोणी भरायची?

सहकारनगरमधील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे दिला आहे.

"आमच्याकडे बरीच वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी करमाळा तालुक्यात आजीजवळ राहून बारावी झाली. सीईटीत तिला चांगले पर्सेंटाइल मिळाले आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्याच फेरीत पुण्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला तिची जागा लागली. वर्षाची फी लाखाच्या पुढे आहे. मावशी स्वतः काही मागत नाहीत, पण गेला आठवडाभर त्या पोळ्या लाटताना चकार शब्द बोललेल्या नाहीत. आम्ही दोघेही निवृत्त आहोत आणि चारही वर्षांची फी भरण्याची माझी तयारी आहे. यजमानांचे म्हणणे असे की, मुलीला आपल्याच घरी ठेवून घ्यावे. वरची खोली रिकामी आहे, ती थोडे वरकाम करील आणि तिचे शिक्षणही होईल. परगावी असलेला मुलगा म्हणतो की, असे व्यक्तीला पैसे देत बसू नका, एखाद्या चांगल्या संस्थेला देणगी द्या आणि मोकळे व्हा. मी कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार.

यजमानांच्या सूचनेपासून सुरुवात करणे बरे, कारण ती सर्वांत आपुलकीची दिसते आणि तीच सर्वांत घातक आहे. ज्या घरात आई पगारावर काम करते, त्याच घरात मुलगी बिनपगारी 'थोडे वरकाम' करू लागली की त्या थोड्याला माप राहत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्याकडे पाहुणे आले, तर चहाची भांडी कोणी विसळायची, हा प्रश्न कोणी उच्चारणार नाही आणि तरीही त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असेल. मावशींना पुढच्या वर्षी पगारवाढ मागता येणार नाही, दुसरे चांगले काम मिळाले तरी तुमचे घर सोडता येणार नाही, आणि मुलीला जिना चढता-उतरता आपण येथे कशाच्या बदल्यात राहतो आहोत याचे भान ठेवावे लागेल. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासिका, वर्कशॉप आणि प्रात्यक्षिके असतात. त्यानंतर उरणारे दोन-तीन तास हीच तिची खरी कमाई आहे आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. एकेकाळी या शहरात शिकायला आलेली कितीतरी गरीब मुले वार लावून जेवत असत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या प्रथेने अनेकांची शिक्षणे पार पडली हे खरे, आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून किती जेवायचे हे ठरवायला त्या मुलांना शिकावे लागले हेही तितकेच खरे. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, उभे राहिले. अशा संस्थांमुळे मुलाचे अन्न एखाद्या घरच्या मर्जीवर अवलंबून न राहता संस्थेच्या नियमावर अवलंबून राहू लागले. वरची खोली देऊ करताना यजमानांच्या मनात जे आहे त्याचा अनादर करण्याचा हेतू नाही. तेवढेच औदार्य अधिक चांगल्या वाटेने दाखवता येते, इतकेच सांगायचे आहे.

आता फीविषयी. चेकबुक बाहेर काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासा, कारण ज्या रकमेने तुम्हा सर्वांची झोप उडवली आहे ती कदाचित भरावीच लागणार नाही. जुलै २०२४ मधील राज्य शासनाच्या निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्वी मिळणारी पन्नास टक्के सवलत शंभर टक्के करण्यात आली. महाविद्यालय खासगी विनाअनुदानित असले तरी ही सवलत लागू होते. मात्र खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि शिक्षण शुल्क प्रतिपूर्ती यांच्या योजना पूर्वीपासूनच स्वतंत्रपणे आहेत.

मुलीच्या प्रवर्गाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. इतकी वर्षे स्वयंपाकघरात एकत्र वावरूनही तो विचारणे तुम्हाला अवघड वाटत असेल, तर विचारू नका. आपल्यासाठी कोणती योजना आहे हे मुलगी स्वतः महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या, संकेतस्थळावर पाहील. सीईटीचा आणि कॅपचा अर्ज जिने करमाळ्यातून भरला, तिला हा अर्जही जमेल.

यातील एक अट मात्र तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ही सवलत कॅपमधून मिळालेल्या जागेलाच असते. "याहून नावाजलेल्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकू, वरचे पैसे आम्ही देऊ" असे सुचवणारा एखादा हितचिंतक या दिवसांत हमखास भेटतो. त्याचे ऐकले तर चार वर्षांची सवलत एका सहीत जाईल आणि तुमची सगळी बचत त्या खड्ड्यात ओतावी लागेल. तिला मिळालेली जागा तिने स्वतःच्या गुणांवर मिळवलेली आहे. ती स्वीकारायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची, हा निर्णय तिलाच घेऊ द्यावा.

सवलत कागदांवर चालते आणि कागद तहसील कचेरीत असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, प्रवर्गानुसार नॉन-क्रिमीलेअर किंवा जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एक जरी राहिले तरी अर्ज अडकतो. खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे मंजूर झालेली शिष्यवृत्तीही महिनोन्‌महिने लटकते. मुलीचे शिक्षण करमाळ्याला, आईचे काम पुण्यात, रेशनकार्ड कदाचित सासरच्या गावचे. अशा कुटुंबाला कोणता दाखला कोठून काढायचा येथपासून घोळ होतो. मावशींना यासाठी दोन-तीन वेळा गावी जावे लागेल आणि सेतू केंद्रात रांगेत उभे राहावे लागेल. त्या केवळ तुमच्याकडेच काम करत नसणार. चार घरचे खाडे झाले की महिनाअखेरीस चार घरांतून पैसे कापले जातात. तुमची पहिली मदत म्हणजे त्यांना या दिवसांची पगारी सुट्टी द्यावी आणि त्या ज्या इतर घरी जातात तेथल्या गृहिणींनाही फोन करून तसे करायला सांगावे. हे काम तुमच्याइतके चांगले कोणतीही संस्था करू शकणार नाही.

काही महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी "आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून पैसे आले की परत करू" असे सांगतात. सवलतीस पात्र असलेल्या विद्यार्थिनींकडून असे पैसे घेऊ नयेत, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. तसे झालेच तर काउंटरवर वाद न घालता मागणी लेखी मागावी आणि पुणे विभागाच्या तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात अर्ज द्यावा. यजमान निवृत्त आहेत, पत्रव्यवहाराची त्यांना सवय असेलच. वरच्या खोलीऐवजी त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक वडीलधारे गृहस्थ सोबत असले की कचेऱ्यांमधील भाषा बदलते. तसे व्हायला नको, पण होते, आणि त्याचा उपयोग करून घेण्यात काही गैर नाही.

समजा शिक्षण शुल्क माफ झाले. तरीही विकास शुल्क, अनामत रक्कम आणि इतर किरकोळ शुल्के उरतात, आणि त्यांच्याहून कितीतरी मोठा असा राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो. गरीब घरची मुले बहुतेक वेळा फीपेक्षा या खर्चापायीच शिक्षण सोडतात, आणि तेही पहिल्या तीन-चार महिन्यांत. कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर आगाऊ भाडे आणि अनामत हातात लागते. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यावे लागतात. ॲप्रन, जर्नल, ड्रॉइंगचे साहित्य, पीएमपीचा पास, मोबाइलचा रिचार्ज आणि संगणक शाखा असल्यामुळे आज ना उद्या लॅपटॉप. शिष्यवृत्ती येते ती वर्ष अर्धे सरल्यावर, कधी तर वर्ष संपल्यावर. या मधल्या काळात मुलगी मेसचा एक वेळचा डबा बंद करते, मग आजारी पडते, मग तासिका बुडतात, आणि घरचे लोक म्हणतात, "झेपत नसेल तर परत ये."

आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभारण्यास जागा व अनुदाने दिली. नुसती शाळा उघडून खेड्यातला मुलगा शिकत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते, हे त्यांनी पाहिले होते. साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच वाट पुढे नेली आणि त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजच्या देणगीदारांना मात्र फी भरायला आवडते. फीची पावती मिळते, तिच्यावर महाविद्यालयाचे नाव असते आणि चारचौघांत सांगायला ती बरी दिसते. मेसच्या बिलाला ही शोभा नाही.

तेव्हा आता राहण्याची सोय. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातून आलेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी काम करत आहे. मुलांसाठी आणि मुलींसाठी तिची वसतिगृहे आहेत, तेथील खर्च बाहेरच्या मानाने पुष्कळ कमी असतो आणि विद्यार्थ्यांनी आपापली कामे वाटून घेण्याची शिस्त आहे. तुमच्या मावशींच्या मुलीसारख्या मुलींसाठीच ही संस्था आहे, म्हणून तेथे अर्ज अवश्य करावा. मुलाखत असते आणि जागांपेक्षा अर्ज जास्त असतात, हे तिला आधी सांगून ठेवावे. महाविद्यालयाचे स्वतःचे मुलींचे वसतिगृह असेल तर तेथेही एकाच वेळी अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत, आणि तेथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात या योजनांतून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते, पण विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा, अशी अट असते. मुलीच्या आधारकार्डावरचा पत्ता करमाळ्याचा आहे की आईच्या पुण्यातील खोलीचा, हे म्हणूनच आजच पाहून घ्या. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

मुलींच्या उच्च शिक्षणासाठीच काम करणारे लीला पूनावाला फाउंडेशनही पुण्यातच आहे. अभियांत्रिकीसह विविध अभ्यासक्रमांच्या होतकरू मुलींना ते शिष्यवृत्ती देते, आणि नुसते पैसे देऊन न थांबता इंग्रजी संभाषण, मुलाखतीची तयारी अशा गोष्टींवरही मुलींकडून काम करून घेते. कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यांतील आणि कोणत्या अभ्यासक्रमांच्या मुलींना अर्ज करता येतो, हे त्यांची त्या वर्षीची सूचना वाचूनच ठरवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत कर्मवीरांच्या नावाची 'कमवा आणि शिका' योजनाही असते. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तास काम करून मुलांना हातखर्च मिळवता येतो. पहिल्या सत्रात अभ्यासाचा जम बसेपर्यंत तिने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. दुसऱ्या वर्षापासून खुशाल जावे.

आता तुमच्या चिरंजीवांचे म्हणणे. संस्थेमार्फत मदत करण्यात एक फार मोठा गुण आहे, तो असा की घेणाऱ्याला देणाऱ्याचा चेहरा रोज पाहावा लागत नाही. शिवाय वसतिगृहात किंवा शिष्यवृत्तीच्या गटात तिला आपल्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या दहा मुली भेटतात. बारावीपर्यंत शास्त्र विषय कागदावर इंग्रजीत आणि वर्गात मराठीत शिकलेल्या मुलीला पहिल्या वर्षाचे गणित एकदम इंग्रजीत समोर आले की जी धडकी भरते, ती घालवायला पैसेवाल्या काकूंपेक्षा वरच्या वर्गातली मुलगी अधिक उपयोगी पडते. एखादा विषय राहिला तर त्यात जगबुडी नाही, तो विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची एटीकेटी नावाची सोय असते, हेही तीच सांगू शकते.

पण "देणगी द्या आणि मोकळे व्हा" यातला उत्तरार्ध मला पटत नाही. तुम्ही संस्थेला दिलेली रक्कम संस्था तिच्या निकषांनी तिच्या विद्यार्थ्यांवर खर्च करील, आणि ते योग्यच आहे. ती रक्कम मावशींच्या मुलीपर्यंत पोहोचेल असे मात्र नाही. ही दोन वेगळी दाने आहेत. दोन्ही करण्याची ऐपत असेल तर दोन्ही करा. संस्था निवडताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, तिचे हिशेब पाहायला मिळतात ना, हे तर पाहावेच. देणगीवर आयकरात मिळणारी वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यासाठी धरली जात नाही. याखेरीज एक प्रश्न मुद्दाम विचारावा: तुमच्या वार्षिक समारंभात मुलांना व्यासपीठावर उभे करून त्यांच्या घरच्या गरिबीची कहाणी सांगायला लावतात का? उत्तर होकारार्थी असेल तर मी तरी अशा ठिकाणी देणगी देणार नाही, मग तिचे कार्य कितीही मोठे असो. अठरा वर्षांच्या मुलीला वडिलांच्या व्यसनाविषयी किंवा आईच्या धुण्याभांड्यांविषयी माईकवर बोलावे लागणे, ही तिने शिष्यवृत्तीसाठी मोजलेली किंमत असते.

राहता राहिली तुमची स्वतःची रक्कम. चार वर्षांची लाखालाखाची फी ही निवृत्त जोडप्यासाठी लहान रक्कम नाही, आणि उतारवयातील औषधपाण्याचा विचार करता ती उचलून देऊ नये, असेच मी सांगेन. त्याऐवजी सुरुवातीला एकदा अनामत, मेस आणि साहित्य यांपुरती रक्कम द्या आणि नंतर दरमहा एक ठरावीक रक्कम, तुम्हाला चार वर्षे न चुकता झेपेल एवढीच, बँकेला स्थायी सूचना देऊन थेट मुलीच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या. शिष्यवृत्ती मिळाल्यावर ती कमी करायची की नाही, हेही आधीच बोलून ठेवावे. मागितल्यावर देण्यापेक्षा न मागता ठरल्या तारखेला येणारे थोडे पैसे अधिक कामाचे असतात, कारण त्यांच्या भरवशावर मेसवाल्याला शब्द देता येतो.

हे पैसे आणि मावशींचा पगार यांची कधीही गाठ घालू नये. दिवाळीचा बोनस, दरवर्षीची वाढ, आजारपणातील सुट्टी हे सर्व पूर्वीप्रमाणे चालू राहिले पाहिजे; "मुलीचे आम्ही करतोच आहोत की" हे वाक्य तुमच्या घरात कोणाच्याही तोंडून, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही, निघता कामा नये. गुणपत्रिका मागू नका. तिने आपणहून दाखवली तर कौतुक करा. तिने शाखा बदलली, एक वर्ष गेले, तिसऱ्या वर्षी लग्न ठरले किंवा नोकरी लागल्यावर ती तुम्हाला भेटायला आली नाही, तरी दिलेले पैसे फुकट गेले असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढी मनाची तयारी असेल तरच व्यक्तीला मदत करावी. ती नसेल तर चिरंजीवांचे ऐकून संस्थेला द्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

शैक्षणिक कर्जाचा विचार सगळ्यात शेवटी करा. शिक्षण शुल्क माफ झाले तर त्याची गरज बहुधा पडणारही नाही. पडलीच, तर चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत परतफेडीचा हप्ता सुरू होत नाही. कर्जासाठी तुम्ही जामीन राहू नका. मदत करणारा आणि जामीनदार एकच असला की पुढे दोन्ही नाती बिघडतात.

मावशींशी बोलायचे कसे, हा तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न आहे. स्वयंपाक चालू असताना ओट्यापाशी बोलू नका, कारण तेथे त्या कामावर असतात. एखाद्या रविवारी दुपारी मायलेकींना दोघींनाही घरी बोलवा, खुर्चीवर बसवा, आणि पैशांआधी योजनांविषयी बोला: कोणते कागद झाले, कोणते राहिले, कोणत्या वसतिगृहाचा अर्ज केला. बोलणे मुलीशी करा, तिच्याविषयी आईशी नव्हे. तिने आधीच सगळी चौकशी केलेली असण्याची आणि तिला फक्त गाडीभाडे आणि प्रिंटआउटचे पैसे कमी पडत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. आणि हा रविवार पुढे ढकलू नका, कारण महाडीबीटीची मुदत बहुधा वाढते, पण वसतिगृहांच्या जागा कॅपच्या फेऱ्या चालू असतानाच भरतात.